पँट मोज्यात खोचण्याचे शास्त्र

काजूच्या बागेत उतरण्यापूर्वी प्रत्येकाने आरशासमोर उभे राहून स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आज मला रुबाबदार दिसायचे आहे की धडधाकट राहायचे आहे? दोन्ही एकाच दिवशी जमत नाही. जमते असे ज्यांना वाटते त्यांनी हे मार्गदर्शन इथेच मिटावे आणि विम्याचे हप्ते तेवढे वेळेवर भरत राहावेत.

हे मार्गदर्शन दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यातल्या आणि सीमेपलीकडे गोव्याच्या सत्तरीतल्या बागायतदारांसाठी, गड्यांसाठी, पातेरा गोळा करणाऱ्या बायांसाठी आहे. शिवाय मे महिन्यात मुंबईहून उतरून ‘आम्हीपण काजू वेचतो, मज्जा!’ म्हणणाऱ्या पाहुण्यांसाठी. या शेवटच्या वर्गाने ते दोनदा वाचावे.

प्रथम शत्रूची ओळख. गुरांच्या कानात टम्म फुगून बसलेली गोचीड आपल्या परिचयाची आहे. तिला गाय पसंत असते, आपण नव्हे. आपला विषय आहे तिचे बालपण. अंड्यातून निघालेल्या पिलाला सहा पाय असतात. एकदा पोटभर रक्त पिऊन कात टाकली की आठ होतात. या आठ पायांच्या, मोहरीहून लहान पोरसवदा गोचिडीला शास्त्रज्ञ ‘निम्फ’ म्हणतात आणि माणसाला माकडताप पोचवण्याचे काम मुख्यतः तीच करते. तिचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. काजूचा फेब्रुवारी ते मे. वर्षात बारा महिने उपलब्ध असताना ही दोन्ही वेळापत्रके एकमेकांवर कोणी बसवली याची चौकशी व्हायला हवी, पण कोकणात चौकशीही पावसाळ्यानंतरच होते.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही आणि झाडावरून डोक्यात पडतही नाही. हे तुम्ही गावात कोणालाही पटवू शकणार नाही, तेव्हा तो प्रयत्न करू नये. ती पाल्याच्या किंवा गवताच्या टोकाशी चढते, पुढचे दोन पाय हवेत पसरते आणि थांबते. त्या पायांवर एक इंद्रिय असते, त्याने तिला तुमचा श्वास, घाम आणि अंगाची ऊब कळते. तुम्ही येता. उरलेले काम तुमची पोटरी करते.

आता थोडा इतिहास, कारण इतिहास आला की मार्गदर्शनाला वजन येते. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे याच माकडतापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधला. योगायोग असा की, त्याच १९५७ साली अमेरिकेत ‘डीट’ हे कीटकांना दूर ठेवणारे रसायन सैन्याच्या कोठारातून बाहेर पडून सामान्य माणसाच्या वापरासाठी नोंदले गेले. रोग आणि त्याला दूर ठेवणारे औषध एकाच वर्षी जगापुढे आले, पण पत्ते वेगळे पडले. पुढची कित्येक दशके आपण हा कर्नाटकचा अंतर्गत प्रश्न समजून निवांत होतो. तापाला सीमावाद ठाऊक नव्हता. २०१५ मध्ये तो सत्तरीत आला, २०१६ मध्ये दोडामार्गात. बिचाऱ्या माकडाचा यात दोष एवढाच की ते आपल्याआधी मरते.

एक वाक्य विनोद बाजूला ठेवून : या तापावर नेमके औषध नाही, लक्षणांवरच उपचार होतात, आणि साधारण शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात.

आता मुख्य विषय, पोशाख. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, शर्ट पँटमध्ये खोचावा, पँट मोज्यात खोचावी आणि मोजे गमबुटात. रंग फिका असावा, म्हणजे कपड्यावर चढणारा काळा ठिपका दिसतो. शास्त्र इथे संपते आणि समाजशास्त्र सुरू होते. कारण या वेशात घरापासून बागेपर्यंत चालत जायचे असते आणि वाटेत नाका लागतो. नाक्यावर चहाच्या टपरीशी जी मंडळी बसलेली असतात त्यांना उद्योग नसला तरी दृष्टी उत्तम असते. ‘काय रे, बँडात वाजवूक चललंस?’ हा पहिला प्रश्न येतो. तो येणारच, असे गृहीत धरून उत्तर पाठ करून ठेवावे. ‘हो, तुमच्याच वरातीक’ हे उत्तर अनुभवी लोक सुचवतात, पण समोरचा वयाने मोठा आणि भावकीतला असेल तर नुसते हसून पुढे जावे. गोचिडीपासून वाचवणाऱ्या मोज्याला टपरीवरच्या हसण्यापासून वाचवता येत नाही. माझे स्पष्ट मत आहे की, आपल्याकडे कित्येक पँटा केवळ त्या टपरीमुळे मोज्यांबाहेर राहिल्या आहेत.

काही जण मध्यम मार्ग काढतात : नाका ओलांडेपर्यंत पँट बाहेर, बागेच्या बेड्यात शिरताच आत. ही तडजोड मान्य आहे. मात्र बेड्यापाशी गवतात बसून मोजे चढवू नयेत. तिथेच तुमची वाट पाहिली जात असते.

इथे एक गोष्ट लक्षात येईल की, सगळे मार्गदर्शन पँट घालणाऱ्यासाठी लिहिलेले असते. भाजावळीसाठी आणि गोठ्यासाठी पातेरा झाडून आणणारी बाई साडी नेसून, वर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून, बहुधा अनवाणी असते. गोचीड राहते त्याच पातेऱ्यात. साडी कुठल्याच मोज्यात खोचता येत नाही. उपाय आहेत : आतून पायघोळ लेगिंग, त्यावर लांब मोजे, पायात गमबूट. पण ते विकत कोणी घ्यायचे? काजूला खत, काजूला फवारणी, काजूला कुंपण, सगळे वेळच्या वेळी करणारे बागायतदार गमबुटाची गोष्ट काढली की अचानक पारंपरिक होतात. ‘आमच्या आईने जन्मभर अनवाणी काम केले’ असे सांगतात. त्यांच्या आईच्या काळी दोडामार्गात हा ताप नव्हता हे त्यांना नम्रपणे सांगावे. मजुरी ठरवतानाच सांगितले तर उत्तम, कारण त्या दिवशी ते ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात.

तेल. अंगाला लावायचे ‘डीपा’ नावाचे तेल ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले. सैनिकांसाठी बनलेली वस्तू काजू वेचायला वापरताना संकोच वाटू देऊ नये. ते, किंवा डीटचे मलम, उघड्या हातापायांवर आणि मानेवर चोळावे. डोळे, ओठ आणि जखमा सोडाव्यात. काही तासांनी असर ओसरतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा लावावे. आरोग्य केंद्रातून फुकट मिळालेल्या बाटलीचा आपल्याकडे एक ठरलेला प्रवास असतो. ती देवघराशेजारच्या फळीवर जाते, ‘लागेल तेव्हा’साठी. चार वर्षांनी पाहुण्याला डास चावतात तेव्हा ती निघते आणि तिची मुदत संपलेली असते. बाटली संपवण्यासाठीच दिलेली असते, एवढे ध्यानात घ्यावे.

डास, चिलटे, गोमाश्या आणि झाडावर पानांची घरटी शिवणाऱ्या त्या तांबड्या मुंग्या यांना मी या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण देत नाही. मुंगी चावल्याचे तुम्हाला आणि शेजारच्या बागेलाही लगेच कळते. गोचीड चावल्याचे कळतच नाही, तिच्या लाळेत बधिर करण्याची सोय असते. अगरबत्ती, कॉइल वगैरे उघड्या बागेत लावल्याने वाऱ्याला वास येतो, इतकेच.

घरी आल्यावर ओसरीवर टेकू नये. कपडे थेट गरम पाण्यात, माणूस थेट न्हाणीघरात. मग तपासणी : गुडघ्याच्या मागे, जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली, कानामागे, केसांच्या कडेला. यातल्या अर्ध्या जागा स्वतःला दिसत नाहीत, म्हणून दुसरे माणूस लागते. लग्नाला तीस वर्षे झाली की नवरा-बायकोत बोलण्यासारखे काही उरत नाही म्हणतात. अशा जोडप्यांनी काजूची बाग घ्यावी.

गोचीड सापडलीच तर पहिली पायरी म्हणजे ती शेजाऱ्यांना न दाखवणे. दाखवली की एक जण रॉकेल आणतो, एक पेटती काडी, एक तंबाखू आणि एक जण त्याच्या आत्याला काय झाले होते ते आणतो. तेल ओतून किंवा चटका देऊन तिला त्रास दिला तर तिच्या पोटातला ऐवज तुमच्या जखमेत यायची भीती असते. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीलगत पकडावे, न पिळता, न झटकता सरळ वर ओढावे. नखांवर चिरडू नये, त्यात कितीही समाधान असले तरी. जागा साबणाने धुवावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या खाड्यांशेजारी, त्या तारखेच्या चौकोनात ‘गो.’ लिहावे. ताप यायचा असेल तर बहुतेक तीन ते आठ दिवसांत येतो : एकाएकी, कपाळ फुटेल अशा डोकेदुखीने आणि अंग पिळवटत. पुढचे दोन आठवडे त्या चौकोनावर नजर ठेवावी. ताप आलाच तर डॉक्टरांना आधी बागेचे सांगावे, मग तापाचे. पावसात भिजलो असू, उन्हात फिरलो असू, अशा आपल्या निदानांनी त्यांचा वेळ घेऊ नये.

आणि मेलेले माकड. आपल्याकडे ते मारुतीचे रूप. गावोगाव त्याला आंघोळ घालून, गुलाल-हार वाहून, खांद्यावरून मिरवत नेतात. भक्तीला माझा आक्षेप नाही. पण माकड गार झाले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि आसपासच्या पातेऱ्यात नव्या यजमानाची वाट पाहत बसतात, आणि वरातीत लोक अनवाणी असतात. तेव्हा बागेत, वाटेवर, पाणवठ्यावर मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, फोटोसाठी वाकू नका, मुलांना आणि गुरांना तिकडे जाऊ देऊ नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवा. नमस्कार दुरून केला तरी पोचतो.