आठ मिलिमीटरचा ड्रॉप

बुटांची किंमत 8,999 रुपये. आईला सांगताना मी सुरुवातीचा आठ गिळला. तरीही ती म्हणाली, "नऊशे नव्व्याण्णव? सोन्याच्या नाड्या आहेत का रे?"

बायकोला खरा आकडा ठाऊक होता. तिनं फक्त बारामतीच्या लता करे यांची आठवण काढली. 2013 साली, साठी उलटलेली ही बाई नऊवारीत, अनवाणी शर्यतीत धावली आणि पहिली आली. "त्यांनी चप्पलसुद्धा घातली नव्हती, अहो," एवढंच बोलून ती कुकर लावायला गेली.

दोष माझ्या डोक्यात शिरलेल्या ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनचा. म्हणून खरेदीही ठाण्यात. दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, संध्याकाळी आलात ते बरं केलंत. दिवसभरात पाय फुगतात, माप नीट मिळतं." त्याला काय सांगणार? उभ्यानं लोकलचा प्रवास करणाऱ्याच्या पायांना कायमच संध्याकाळ असते. त्यानं दोन्ही पाय मोजले आणि डावा मोठा असल्याचं जाहीर केलं. सेहेचाळीस वर्षं हे दोघे एकत्र राहतात, पण कधी बोलले नव्हते. मग म्हणाला, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. आमची आई जूनमध्ये शाळेचे बूट घेताना दोन बोटं जागा ठेवायची आणि पुढे कापूस कोंबायची. शास्त्र तेच, फक्त बजेट वेगळं.

"यात 8 मिलिमीटरचा ड्रॉप आहे सर." म्हणजे टाच पंजापेक्षा तेवढी उंच. आमच्या गल्लीत एका पेव्हर ब्लॉकवरून दुसऱ्यावर जाताना याहून मोठा ड्रॉप फुकट मिळतो. "किती चालतील?" मी विचारलं. "पाचशे ते आठशे किलोमीटर," तो म्हणाला. मी स्कूटरचं अ‍ॅव्हरेज ऐकावं तशी मान डोलावली.

रंग पोपटी, नाड्या केशरी. शाळेत शनिवारी पीटीला पांढरे कॅनव्हासचे बूट असायचे आणि डाग पडला की वर्गातला खडू घासायचा. पोपटी खडू कुठं मिळतो, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो. पहिली पाच मिनिटं गादीवरून चालल्यासारखं वाटलं. नंतर लक्षात आलं, बूट माझे पाय सांभाळण्याऐवजी मीच बूट सांभाळतोय. डबकं टाळ, शेण टाळ, पानाची पिंक टाळ. धावण्याचा वेग डोक्यावर टोपली घेतलेल्या भाजीवालीइतका. समोरच्या इमारतीतला वॉचमन आदरानं म्हणाला, "पोलीस भरती का साहेब?" या वयात मला कोण भरती करून घेणार, पण दिवस चांगला गेला.

आमच्या डोंबिवलीतल्या फडके रोडवर दिवाळीची पहाट सोडली तर इतक्या लवकर मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. गणेश मंदिर समोर दिसलं, टाळता येईना. बूट बाहेर काढणं आलं. चोराची पंचाईत व्हावी म्हणून एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला ठेवला. आत हात जोडले खरे, पण सगळी भक्ती मागच्या बाजूला वाहत होती. बाहेर येतो तो एक आजोबा दोन्ही बूट शेजारी-शेजारी लावून उभे. "जोड फुटला होता हो तुमचा. लावून ठेवलाय."

सोमवारी उठायला उशीर झाला. बदलायला वेळ नव्हता म्हणून तेच बूट घालून निघालो आणि स्टेशनच्या जिन्यावरून गाडी फलाटाला लागलेली दिसली. काय धावलो! डबकं, पिंक, कुणाची पिशवी, काही दिसलं नाही. डब्यात शिरलो तेव्हा पोपटी रंगावर तीन वेगवेगळ्या चपलांचे ठसे होते आणि शेजारी दाराशी लटकलेल्या गृहस्थानं, साध्या रबरी सपातांत, माझ्याआधी तीच गाडी पकडली होती.

मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते. सीएसएमटीहून निघालात तर दिव्याच्या आसपासच संपते. डोंबिवली सीएसएमटीपासून 48 किलोमीटर, आणि लोकलनं परतीचे आणखी तेवढेच.

बुटांचा आजवरचा हिशेब: अडीच किलोमीटर. त्यातले चारशे मीटर खरे धावण्याचे.