माईंच्या मागीलदारी

अहो वहिनी, आहात का पडवीत? या की जरा गडग्याशी. मास्क राहू दे, मधे गडगा आहे ना! तिथे मात्र हात टेकू नका, तो चिरा हलतोय. ३ जूनला फणस पडला ना त्यावर, तेव्हापासून. गवंडी म्हणतो, गणपती झाले की बघू.

तो आवाज ऐकलात? माईंची पहार. सत्तरीची बाई हो! माघात अप्पा गेले, पाडव्याला लॉकडाऊन लागलं, लेक डोंबिवलीत अडकला आणि ज्येष्ठात वादळानं अख्खी वाडी झोपवली. वादळाचं नाव काय, तर निसर्ग! बांगलादेशानं ठेवलं म्हणे. तिसऱ्या दिवशी वटपौर्णिमा; आपण आडव्या वडालाच दोरा गुंडाळला, आठवतंय? हे २०२० साल कॅलेंडरातून फाडून टाकावं. आणि माई खड्डे काढत्येत.

मीही नावं ठेवली, खोटं कशाला बोलू? दीडशे पोफळींतल्या अकरा उभ्या, माड तर मुळासकट आडवे. आणि ह्या म्हणतात, पुन्हा आपली श्रीवर्धनी रोठाच लावणार. म्हटलं, माई, पोफळ धरायला सहा-सात वर्षं. सुपारी खाणार कोण? तर म्हणाल्या, "खायला मला दात कुठे आहेत? विकायला लावत्ये."

भरपाई? हेक्टरी ५० हजार ऐकायला भरघोस वाटतं हो. आपल्यात हेक्टर आहे कुणाच्या नावावर? गुंठ्याला पडले पाचशे. माईंचे १२ गुंठे, म्हणजे सहा हजार. पडलेले माड कापून बाहेर काढण्यातच त्याहून जास्त गेले असतील. तो करवतवाला तरी कुठे मिळत होता? वीज नाही, मोबाइल मेलेले.

पण काम मात्र बघण्यासारखं. दोरी ताणून नऊ-नऊ फुटांवर खुंट्या ठोकल्यात. प्रत्येक पोफळीच्या नैर्ऋत्येला केळ, कारण दुपारनंतरचं ऊन कोवळं खोड भाजून काढतं. पूर्वी वाडीत सावलीच सावली. आता आभाळ उघडं पडलंय. केळीचे मुनवे मागायला माझ्याकडेच आल्या. मी सात दिले, त्यांनी बारा नेले. तेही सांगून ठेवत्ये.

आणि जायफळाची गंमत ऐका. अप्पांनी बी लावून पाच झाडं वाढवली होती. सात-आठ वर्षं खतपाणी केलं आणि पाचही नर निघाली! फुलं येतात, फळाचा पत्ता नाही. आता माई भाच्याकडून कलमं मागवत्येत, दहा माद्यांमागे एक नर. म्हटलं, माई, हा एकटा भाग्यवान! तर हसल्या हो. पहार खाली ठेवून हसल्या. अप्पा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

खरी बातमी पुढेच आहे. मागीलदारी अर्धा गुंठा मोकळा सोडलाय! चोपून सपाट केलाय, पडलेल्या माडाचा ओंडका बसायला ठेवलाय. पन्नास वर्षं नांदले, म्हणतात, पण मागच्या दारातून समुद्र दिसतो हे आत्ता कळलं. तेवढा दिसू दे. लेक फोनवर ओरडला, "आई, तिथे सहा पोफळी बसल्या असत्या!" तर ह्यांनी रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती, मी तिथेच होते.

म्हणजे काल संध्याकाळी. नुसतं बघायला गेले आणि बसले जरा. वारा असा आला, वहिनी, की ३ जूनची दुपार आठवून अंगावर काटाच आला. उठणारच होते, तर माईंनी चहा आणला.

लेक गणपतीला येतोय म्हणे. ई-पास काढायचा, वर दहा दिवसांचं विलगीकरण. माईंनी ठरवलंय, त्याला मागच्या पडवीत ठेवायचं आणि हातात पहार द्यायची.

बरं, तुमच्याकडे सुंभ आहे का हो थोडा? माईंचा संपलाय. द्या माझ्याकडे, मीच नेऊन देते. नाहीतरी तिकडेच निघाल्ये.