उताराचा हिशेब

दासगावात गाडी बाळगणारा माणूस दोन गोष्टींवर ठामपणे बोलतो: पुरात सावित्री नदीचं पाणी कुठपर्यंत चढलं होतं आणि ब्रेक पॅड किती किलोमीटर टिकतात. पहिलीला निदान भिंतीवरच्या ओलीचा पुरावा असतो. दुसरीत कुणी वीस हजार म्हणतो, कुणी साठ हजार, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

गाव खाडीकाठचं, सपाटीवरचं. पण गाडी बाहेर काढली की घाट ठरलेला. महाडवरून वरंधा, पोलादपुरातून आंबेनळी, सरळ खाली गेलात तर कशेडी. कशेडीला आता बोगदा झाला, तेवढी वळणं वाचली. मुंबईच्या बाजूला घाट नाही म्हणावं, तर तिकडे 2011 पासून महामार्गाचं चौपदरीकरण चालू. प्रत्येक डायव्हर्जनपाशी थोडा थोडा पॅड ठेवून पुढे जायचं.

नवा पॅड असतो दहा-बारा मिलिमीटर जाड. तीनवर आला की बदलायचा. म्हणजे सगळा वाद बोटभर रुंदीचासुद्धा नाही. पुढची चाकं जास्त ओढ घेतात म्हणून तिथले पॅड आधी जातात. डिस्क साधारण दोन-तीन जोड पॅड पचवते. तिची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. ती वाचायला चाक काढावं लागतं, त्यामुळे मालक ती वाचत नाही, मेस्त्री वाचतो.

आता उतार. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना गाडी सुमारे तेराशे मीटर खाली येते. हजार किलोची गाडी एवढी उंची सोडते तेव्हा जी ऊर्जा सुटते, तिच्यात पस्तीस-चाळीस लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. अख्ख्या घराच्या आंघोळीचा बंब! थोडी ऊर्जा वारा नेतो, थोडी टायर. बाकीची कुणी घ्यायची, इंजिनाने की पॅडने, हे चालवणाऱ्याचा गिअर ठरवतो. दुसऱ्या गिअरात उतरलात तर इंजिन गुरगुरत ओझं वाहतं. पाय ब्रेकवरच ठेवलात तर बंब चाकात पेटतो, जळका वास येतो, ब्रेक ऑइलने बरीच वर्षं हवेतलं पाणी पिऊन ठेवलेलं असेल तर ते उकळतं आणि पेडल मऊ लागायला लागतं. आंबेनळी ही त्याची जागा नव्हे.

तरीही प्रत्येक वाडीत एक काका असतात, जे उतार लागला की गाडी न्यूट्रल करतात. पेट्रोल वाचतं म्हणे. हल्लीच्या गाड्यांत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजिन पेट्रोल घेणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहण्यापुरतं पीत बसतं. म्हणजे काका पेट्रोलही घालवतात आणि पॅडही. पण हे त्यांना सांगून पाहा! त्यांनी गाडी कार्ब्युरेटरच्या काळापासून चालवली आहे, आणि अनुभवापुढे इंजिनाचं काय चालतं?

सगळ्यात केविलवाणी गाडी मात्र घाटात दिसत नाही. ती चाकरमान्याच्या पडवीशेजारी झापाखाली उभी असते. शिमग्याला आली ती गणपतीतच हलते. मालकाचा हिशेब सोपा: चाललीच नाही, तर झिजेल कशी? पण कोकणातला पाऊस झिजवत नाही, गंजवतो. रात्रभराचा तांबूस थर सकाळी दोन-चारदा ब्रेक मारला की जातो. महिनोन्महिन्यांचा गंज डिस्कला खड्डे पाडतो, मागचे लायनर ड्रमला धरून बसतात, आणि ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाडी चाक फरफटत अंगणात रेघ ओढते. मग मेस्त्रीला फोन. तो ड्रमला हातोड्याने ठोकता ठोकता सांगतो, दादा, पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नका, गाडी गिअरात टाका आणि चाकाला दगड लावा. दादा मान डोलावतात. पुढच्या वर्षी दगड लावलेला असतो, निघताना तो कुणी काढत नाही, आणि पुन्हा मेस्त्रीलाच फोन जातो की ब्रेक परत धरलेत.