उन्हाळ्यात ही दोघं घरी नसतात

सातारा आणि सांगली यांच्यात रस्त्याने साधारण सव्वाशे किलोमीटरचं अंतर. या पट्ट्यातल्या प्रत्येक गल्लीत एक तरी निवृत्त जोडपं असं असतं, की एप्रिल ते जून त्यांना घरी गाठून दाखवावं. काका बँकेतून किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त, काकू शाळेतून. मुलं पुण्यात, बंगळुरात किंवा त्याहून लांब. नोकरीत असेपर्यंत या दोघांचा उन्हाळा कुरडया, सांडगे आणि पाहुणे यांत संपायचा. निवृत्त झाल्यावर मात्र दोघं समाजाच्या हाती लागतात. समाज म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघ, गावाकडचे भाऊबंद आणि "तुम्हाला काय, वेळच वेळ" असं म्हणणारे शेजारी.

फोन केला तर काका उचलतात. "आम्ही आत्ता जत तालुक्यात आहोत, इथं रेंज नाही," हे वाक्य पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खणखणीत ऐकू येतं. मग त्याच रेंज नसलेल्या ठिकाणाहून पाणी, पीक आणि पुढारी या तिन्हींचा सविस्तर वृत्तांत येतो. मागून काकूंचा आवाज येतो, "अहो, डबा गाडीतच राहिला!" दौऱ्यातली खरी बातमी तेवढीच असते.

यांच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय हा अभ्यासाचा विषय आहे. एप्रिलच्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, दोन लग्नं, एक वास्तुशांत, नेत्रतपासणी शिबिर, शिखर शिंगणापूरची यात्रा आणि श्रमदान अशी सरमिसळ असते. काका तांबड्या पेनाने लिहितात, काकू पेन्सिलीने. पेन पक्कं आणि पेन्सिल कच्ची असं काकूंनी वर्गात जन्मभर शिकवलं. घरात नेमकं उलटं आहे. पेनाने लिहिलेलं पुढच्या महिन्यावर जातं, पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

या धावपळीला खरा जोर चढला तो 2016 च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी सर्वांत लांबचा आणि सर्वांत पुण्याचा प्रवास मात्र माणसांनी नाही, पाण्याने केला. लातूर कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेने पाठवायचं ठरलं. राजस्थानातल्या कोट्याला टाक्या वाफेने धुऊन मिरजेत आल्या आणि 12 एप्रिलला पहिली गाडी दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोचली. पुढे पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली, पंचवीस लाख लिटरची. नाव ‘जलदूत’. मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या याच मार्गावर जत रोड नावाचं स्टेशन आहे आणि जत हा सांगली जिल्ह्यातलाच तहानलेला तालुका. आपल्याच जिल्ह्याचं पाणी आपल्या दारावरून लातूरला जाताना बघण्याची वेळ असल्या गावांवर आली. काका मुद्दाम मिरजेला जाऊन गाडी बघून येतात, टाकीसमोर फोटो काढतात. काकू घरी आल्यावर पहिलं काम करतात ते गळका नळ बदलून घेण्याचं, कारण काकांनी तो पेनाने लिहून ठेवलेला असतो.

त्याच उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनची सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी फक्त तीन तालुके: वरुड, अंबाजोगाई आणि साताऱ्यातलं कोरेगाव. गावाने आपल्या शिवारात चर खणायचे, बांध घालायचे, पाणी अडवायचं. ज्याचं काम उत्तम त्याला बक्षीस. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने पहिलं बक्षीस मारलं, पन्नास लाखांचं. या सगळ्यामागे साताऱ्याचे डॉ. अविनाश पोळ बरीच वर्षं गावोगाव फिरत होते. व्यवसायाने ते दंतवैद्य. दातातली पोकळी बुजवण्यात हयात गेलेला माणूस डोंगराला पोकळ्या पाडायला सांगतो, यात काही विसंगती आहे असं गावाला वाटलं नाही. शहरातल्या माणसाला मात्र दाढ दुखत नसताना दंतवैद्याचं ऐकायची सवय नसते, ती तेव्हापासून लागली.

2018 पर्यंत स्पर्धा 24 जिल्ह्यांतल्या 75 तालुक्यांत पोचली होती. 8 एप्रिल ते 22 मे असे ऐन उन्हाचे 45 दिवस. महाराष्ट्र दिनी शहरातल्या लोकांनी गावात जाऊन महाश्रमदान करायचं अशी हाक होती. ही हाक ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडली की काय होतं, ते बघण्यासारखं असतं. पहिल्या तासात सत्तर अंगठे. दुसऱ्या तासात "नाश्त्याची सोय काय?" तिसऱ्या तासात टी-शर्टच्या मापांवरून वाद. रात्री उशिरा एक सद्‌गृहस्थ विचारतात, "नक्की करायचं काय आहे तिथे?"

पहाटे साडेचारला बस निघते. काकांकडे नवी टोपी, कमरेचा पट्टा, हातमोजे, इलेक्ट्रॉलची पाकिटं आणि भाषणाचे चार मुद्दे. काकूंकडे दोन पिशव्या: एकीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे, दुसरीत बँडेज, आयोडेक्स आणि काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. माण तालुक्यातल्या माळावर उजाडतं तेव्हा गाव कधीच कामाला लागलेलं असतं. चुन्याने आखलेली रेघ डोंगराच्या कडेने वळत गेलेली. तिच्यावर चर खणायचा. माती खालच्या अंगाला टाकायची, म्हणजे पाणी चरात थांबतं आणि जिरतं.

काका टिकाव उचलतात. टिकाव वर जातो, तिथे थोडा विचार करतो आणि खाली येतो. मुरमाला ओरखडा, काकांच्या तळहाताला फोड. शेजारची आजी हात न थांबवता म्हणते, "काका, टिकाव हाणायचा आस्तुया. नमस्कार घालायचा न्हाई."

यानंतर काका श्रमदानातून ज्ञानदानाकडे वळतात. तीन काठ्यांचा आणि एका ओळंब्याचा तो ए-फ्रेम त्यांना भारी आवडतो. समपातळीची रेघ कशी काढायची, हे जमलेल्यांना ते समजावून सांगू लागतात. जमलेल्यांत ज्यांनी आधीच सगळं शिवार आखून ठेवलंय ती गावातली पोरंही असतात, आणि ती आदराने ऐकून घेतात. शहराकडून गावाला मिळणाऱ्या मदतीचा मोठा भाग अशा आदराने ऐकून घेण्यावर चालतो, असं एक निरीक्षण इथे नोंदवायला हरकत नाही.

काकू तोवर घमेल्यांच्या रांगेत उभ्या राहिलेल्या असतात. डावीकडून भरलेलं येतं, उजवीकडे द्यायचं. रांगेतल्या बायकांच्या गप्पा सुरू होतात: कुणाची सून, कुणाचं माहेर, टँकर किती दिवसांनी येतो, धुणं कुठे धुता. दोन तासांत काकूंना गावाचं पाणी जेवढं कळतं तेवढं काकांना चार अहवाल वाचून कळलेलं नसतं. निघताना गावकरी दोघांना टोपी आणि नारळ देतात. फोटोत काकांच्या हातात टिकाव असतो.

त्या वर्षीचं राज्यातलं पहिलं बक्षीस माण तालुक्यातल्या टाकेवाडीला मिळालं, पंचाहत्तर लाखांचं. बातमी आल्यापासून साताऱ्यातले निदान हजार काका "आम्ही तिथं होतो" म्हणतात. त्यातले बरेच शेजारच्या गावाला गेले होते, पण एवढ्या मोठ्या माळावर हद्द कुठे कळते!

ज्या जोडप्याने हे सगळं सुरू केलं, ते आमीर खान आणि किरण राव. त्यांचाही उन्हाळा याच माळांवरून फिरण्यात जायचा. आमीर त्या काळात सुहास लिमये यांच्याकडे चार वर्षं मराठी शिकला. नटाने भाषा शिकायची ती भूमिकेसाठी, असा प्रघात. हा गडी सरपंचांशी बोलता यावं म्हणून शिकला असं दिसतं. 2021 च्या जुलैत दोघं वेगळे झाले, तेव्हा काढलेल्या निवेदनातही पाणी फाउंडेशनचं काम मिळून करत राहू, असं त्यांनी लिहिलं. घटस्फोटाच्या कागदात पाणलोटाची सोय करून ठेवणारं दुसरं जोडपं निदान या पट्ट्यात कुणी ऐकलेलं नाही. इकडे भांडण बांधावरून होतं, आणि तो बांध पाणी अडवायचा नसतो.

काकांचं राखीव भाषण मात्र दुसऱ्या एका जोडप्यावर असतं. कर्मवीर भाऊराव पाटील एके काळी फिरते विक्रेते होते: कराडजवळच्या ओगल्यांच्या कारखान्याची काच आणि किर्लोस्करवाडीचे नांगर विकण्यासाठी गावंच्या गावं पालथी घालायचे. नांगर विकता विकता शेतकऱ्याच्या पोरांना शाळा नाही हे त्यांच्या नजरेस आलं. 1919 साली कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली, 1924 पासून साताऱ्यात वसतिगृह. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सगळी पोरं एका छपराखाली, एका पंगतीला. पंगतीला वाढायचं कुणी? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईने या पोरांना आपलं म्हटलं. धान्य संपलं तेव्हा दागिने विकले, आणि दागिने संपले तेव्हा मंगळसूत्र. 1930 साली त्या गेल्या. रयतच्या आज सातशेहून जास्त शाखा आहेत.

मंगळसूत्रापाशी आलं की वक्त्याने आवाज जड करायचा, ही जिल्ह्यातली जुनी रीत. काकांचाही होतो. सभागृह गहिवरतं. नेमक्या त्या वेळी काकू मागच्या खोलीत चहाचे कप मोजत असतात, कारण आयोजकांनी साठ सांगून नव्वद माणसं बोलावलेली असतात. लक्ष्मीबाईंवरची इतकी भाषणं झाली, त्यातली किती लक्ष्मीबाईंसारख्या बायकांना बसून ऐकता आली, याचा हिशेब कुण्या संस्थेने ठेवलेला नाही.

म्हसवडला चेतना आणि विजय सिन्हा हे आणखी एक जोडपं. चेतनाताई मुंबईच्या, लग्न करून माणच्या दुष्काळात आल्या आणि 1997 साली त्यांनी बायकांसाठी माणदेशी बँक काढली. 2012 च्या दुष्काळात याच मंडळींनी म्हसवडला चारा छावणी उघडली. हजारो जनावरं आणि त्यांच्यासोबत त्यांची माणसं महिनोन्‌महिने तिथेच राहिली. अशा छावणीला उसाचे वाढे भरलेली ट्रॉली द्यायची तर सांगलीकडच्या काकांना आधी ट्रॉलीला बॅनर लावायचा असतो. बॅनर बांधेपर्यंत म्हशींनी वाढे ओढायला सुरुवात केलेली असते. म्हशींना देणगीदाराच्या नावाशी देणंघेणं नसतं. छावणीत शिस्त टिकते ती त्यामुळेच.

सलग समाजसेवेने दमलेल्या जोडप्याने दोन दिवस कुठे जावं? भिलारला. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं हे स्ट्रॉबेरीचं गाव 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. पंचवीस ठिकाणी पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं घेऊन ते सुरू झालं. कुणाच्याही घरात शिरावं, खुर्ची ओढून वाचत बसावं. काका मात्र इथेही रिकाम्या हाताने येत नाहीत. माळ्यावरचे जुने दिवाळी अंक गाठोड्यात बांधून दान करायला आणतात. तिथली माणसं अंक हातात घेऊन अदबीने विचारतात, "काका, यातली मधली पानं?" मधल्या पानांवर काकूंनी काही वर्षांपूर्वी पापड वाळत घातलेले असतात. काकू तोवर एका ओसरीवर बसून एक आख्खी कादंबरी संपवतात. अख्ख्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःसाठी केलेलं एवढं एकच काम.

2019 चा उन्हाळा असाच गेला: जत-आटपाडीला टँकर, माणला छावण्या. आणि ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा शिरली. इर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. मे महिन्यात ज्या जिल्ह्यासाठी पाणी मागत फिरलो त्याच जिल्ह्यातून आता पाणी जावं म्हणून प्रार्थना करायची, याची सवय अशा जोडप्यांना व्हावी लागते. राज्यभरातून मदत लोटली. मदतीबरोबर जुने कपडेही लोटले: जरीचे शालू, विरलेले स्वेटर, एकेकटे पायमोजे, लग्नातले कोट. ज्याच्या घरात चिखल आहे त्याने कोट घालून तो उपसावा, अशी दात्यांची कल्पना असावी.

काय पाठवू नये याची अकरा कलमी यादी काकांनी रात्री जागून तयार केली आणि सगळ्या ग्रुपवर टाकली. काकू सकाळपासून एका शाळेच्या हॉलमध्ये गोण्या सोडत बसल्या. नेसता येणाऱ्या साड्या एकीकडे, लहान मुलांचे कपडे दुसरीकडे, आणि कोटांचा ढीग मध्ये. कोटांचं करायचं काय, यावर समितीची बैठक बोलवावी असं काकांचं मत पडलं. काकूंनी उसवायला घेतले. जाड कापड, चांगलं अस्तर. पूरग्रस्त वस्तीतल्या दोघी-तिघी वाकळा शिवणाऱ्या बायका गाठल्या आणि आठवड्याभरात त्यांच्या वाकळा झाल्या. एक कोट कमी पडत होता तो काकूंनी घरून आणला. काकांच्या लग्नातला, निळा, तीन बटणांचा. काका तो अजून कपाटात शोधतायत.