दातांचं माहेरपण

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, तशी अक्कलदाढ गावी काढावी, असा आता रिवाजच पडला आहे. भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेलं. पण अमेरिकेतल्या शाळांना उन्हाळी सुटी लागली, की इथं मिरचीसोबत दंतयात्रीचीही आवक सुरू होते. तो न्यू जर्सीत राहत असेल नाही तर डॅलसला. दात मात्र त्यानं वर्षभर मराठवाड्यासाठी राखून ठेवलेले असतात.

ओळखायला अगदी सोपा. बाकीचे परदेशातून चॉकलेटं आणतात, हा एक्स-रे आणतो. आईनं पुरणपोळी वाढली, की डाव्या बाजूनं चावायला लागतो.

“उजवीकडं काय झालं रं?”

“तिकडं इस्टिमेट आहे, आई.”

ते इस्टिमेट त्याला तोंडपाठ असतं. एका दाढेचं रूट कॅनॉल आणि वरची कॅप मिळून दोन-तीन हजार डॉलर तिकडं सहज होतात. “मग विमा कशाला भरतो?” असं चुलत्यानं विचारलं, की दंतयात्री खुलतो. अमेरिकेत दात हा शरीराचा भाग नाही, हे तो आधी समजावून सांगतो. गुडघ्याचा विमा वेगळा, दाताचा वेगळा. आणि दाताच्या विम्याची वर्षाची मर्यादा बहुधा हजार-दोन हजार डॉलरवर संपते. म्हणजे एक दाढ झाली की विमा संपला, उरलेले एकतीस दात देवाच्या हवाली. दात आणि विम्याची ही फारकत तशी जुनीच. 1965 साली स्वीडनमध्ये ब्रानेमार्क नावाच्या संशोधकांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवून आधुनिक इम्प्लांटचा पाया घातला. त्याच वर्षी अमेरिकेत म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचा कायदा झाला आणि नेहमीचे दंतोपचार त्यातून बाहेर राहिले. दात बसवायची सोय झाली आणि पैशाची गैरसोय झाली, तीही एकाच साली.

दुखरी दाढ घेऊन विमानात बसायचं धाडसही त्याचंच. उंचावर केबिनमधला दाब कमी होतो, किडक्या दातात अडकलेली हवा फुगते आणि कळ थेट कानशिलात जाते. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांना हा त्रास एवढा झाला, की डॉक्टरांना त्याचा अभ्यास करावा लागला. वैमानिकांनी तो देशासाठी सोसला. दंतयात्री डॉलरच्या भावासाठी सोसतो.

मग निघतो दाताचा दौरा: भोकरदन, जालना, नाहीच जमलं तर छत्रपती संभाजीनगर. तिथं घाटी रुग्णालयाजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, पण दंतयात्रीला रांगेला वेळ नसतो. तो खासगी दवाखाना गाठतो आणि खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांचीच तपासणी करतो. भिंतीवर दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का? हत्यारं नुसती उकळता, का ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर दाबाखाली वाफवता? रूट कॅनॉल करताना रबर डॅम लावता ना? पाहुणचार म्हणून सोबत आलेली मंडळी शरमेनं पायाच्या अंगठ्याकडं बघत राहतात. पण खरं सांगायचं तर हे प्रश्न विचारणारा तालुक्यात तो एकटाच असतो, आणि ते विचारायलाच हवेत.

डॉक्टर सगळं दाखवतात आणि मग त्यांची पाळी येते. “ही दाढ वाचेल. मागची मात्र गेली, तिथं इम्प्लांट. स्क्रू हाडात रुजायला तीन ते सहा महिने लागतील. किती दिवस आहात?”

“पंधरा तारखेचं तिकीट आहे. अर्जंटमध्ये नाही का होणार?”

हाडाला तत्काळ कोटा नसतो. तेव्हा यंदा स्क्रू, पुढच्या साली दात, अशी हप्तेबंदी ठरते. बिल हातात पडतं. दंतयात्री मनातल्या मनात त्याला डॉलरनं भागतो आणि हसतो, मग तोंडानं म्हणतो, “काही कमी नाही का होणार?”

या दौऱ्यात शेजारचे तात्या हटकून असतात. गाडी चाललीच आहे, तर बसले. त्यांची दाढ दोन वर्षांपासून लवंगेवर चाललेली. तोडा उरकू दे, भाव उतरू दे, पाऊस उघडू दे. दाढेपुढं प्रत्येक वेळी मिरचीच निघालेली. जालना दूर म्हणून थांबलेले तात्या आणि अमेरिकेहून जालन्याला आलेला दंतयात्री एकाच बाकावर बसतात. “आलाच आहात तर बघून घेऊ,” असं डॉक्टर म्हणतात, आणि अर्ध्या तासात तात्यांची दाढ बाहेर येते.

परतीच्या दिवशी दंतयात्री दूधभात खात असतो. तोंडात नवा स्क्रू, वर टाके. तात्या मात्र एव्हाना ठेच्यावर आलेले. बॅगा गाडीत ठेवायला ते स्वतः पुढं होतात.

“पुढच्या साली कव्हा येणार, भाऊ?”

“का हो तात्या?”

“काही नाही. खालची बी हलाया लागली.”