प्रबंध आजऱ्यात वाचा

डिसेंबर 2023. विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या ‘सारथी’ संस्थेच्या पीएचडी अधिछात्रवृत्तीचा विषय कोल्हापूरचे आमदार सतेज पाटील यांनी काढला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत? गदारोळ झाला, आणि तो रास्तच होता. अजून एक ओळही न लिहिलेल्या मुलाच्या तोंडावर हा प्रश्न फेकणं अन्याय आहे. पण प्रबंध बांधून हातात आला की तोच प्रश्न विचारायलाच हवा. तो विचारायचा पहिला हक्क कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्यासारख्या गावांचा.

कारण पीएचडी म्हणजे एवढंच: आजवर कुणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट तुम्ही शोधून काढली आणि जाणत्यांसमोर ती टिकवून दाखवली. गोष्ट लहान का असेना, नवी आणि खरी हवी. आपण मात्र तिला बढतीची पायरी करून टाकलं. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागेल, असं यूजीसीने 2018 मध्ये ठरवलं, मग मुदत पुढे ढकलली आणि जुलै 2023 मध्ये सांगून टाकलं, नेट-सेट पुरे. सहयोगी प्राध्यापकपदाला ती लागतेच. नियम असा हेलकावे खात असताना पेट ही प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, सिनॉप्सिस, गाइडच्या सहीसाठी हेलपाटे, हे सगळं उरकणाऱ्या मुलांपैकी कित्येक जण आज तासिका तत्त्वावर राबताहेत. त्यांना ‘विषय सोपा निवड, लवकर सुटशील’ असा सल्ला देणारे गाइड मला खरे गुन्हेगार वाटतात.

विषयांची वाण आहे का? आजरा घनसाळच घ्या. आखूड दाण्याचा, शिजताना शेजारच्या घरापर्यंत वास जाणारा हा तांदूळ. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इथला शेतकरी सांगतो, हेच बी दुसरीकडे लावलं तर तो वास उतरत नाही. सुवासिक तांदळाच्या वासामागचं मुख्य द्रव्य शास्त्राला माहीत आहे, 2-असिटिल-1-पायरोलिन. मग आजऱ्याच्या मातीत, पावसात की रात्रीच्या गारव्यात असं काय आहे, की ते इथे जास्त टिकावं? की शेतकऱ्याचं म्हणणं निव्वळ अभिमानाचं? दोन्हींपैकी कुठलंही उत्तर आलं तरी ती पदवी सार्थकी लागेल.

‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत याच आजऱ्याचे. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, आणि त्यांच्या कादंबऱ्यांवर पुढे प्रबंध झाले. यावरून पदवी फोल ठरवणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. कर्णावर लिहायचं म्हणून सावंत कुरुक्षेत्र बघून आले, ही मेहनत संशोधकाचीच होती. ती न करता ‘डॉ.’ लावणाऱ्यांनी लाजावं, ती करणाऱ्या विद्यार्थ्याने कशाला? बाबासाहेबांचा रुपयावरचा प्रबंध 1923 मध्ये पुस्तकरूपाने आला, आणि पुढे हिल्टन यंग आयोगासमोर चलनाच्या प्रश्नावर साक्ष द्यायला ते उभे राहिले. तो प्रबंध कपाटात ठेवायला लिहिलेला नव्हता.

आज प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहावर चढतो, एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाते, आणि ज्याच्या शेतातली माती नमुन्याला नेली त्याला निष्कर्ष कळतच नाही. शेवटची मौखिक परीक्षा खुली असते, असं नियमच सांगतो. मग शिवाजी विद्यापीठाने आजऱ्यावरच्या प्रबंधाची ती परीक्षा आजऱ्यातच, महाविद्यालयाच्या सभागृहात घ्यावी. बाहेरचे परीक्षक समोर बसतीलच. त्यांच्या शेजारी घनसाळ पिकवणाऱ्या चार जणांना खुर्च्या द्या, आणि मराठीत विचारू द्या: आमच्या शेतातनं नेलंस ते काय, आणि त्यातनं तुला सापडलं काय?