ऋतुनिष्ठ नवऱ्याचे भाद्रपदातील संगोपन

भाद्रपद लागला की काही नवऱ्यांना स्थानिक आणि हंगामी खाण्याचा झटका येतो. औषध नाही, पथ्य आहे, तेही बायकोने पाळायचे.

कलम १. त्यास एकट्यास मंडईत पाठवू नये. ‘आपल्या मातीतलं खावं’ असे म्हणत तो करटुली आणतो ती आतून पिवळी, बिया दगड झालेल्या. करटुली हिरवीगार, लहान आणि मऊ काट्यांचीच घ्यावीत. भाव ऐकून तोंड वाकडे करू नये; रानातल्या वेली हुडकून ती एकेक करून तोडावी लागतात.

कलम २. अळू येताच प्रथम देठ पाहावेत. काळपट देठाचे वडीला, हिरव्या देठाचे फदफद्याला. तो वडीचे म्हणून आणतो ते फदफद्याचेच असते. हाताला तेल लावून चिरावे, चिंच सढळ घालावी. खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते, ही माहिती स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून दिली जाईल. माहिती देणाऱ्याचे हात कधीच खाजत नाहीत.

कलम ३. दोडक्यावरून वाद झाल्यास शिरांची चटणी करावी.

कलम ४. ऋषिपंचमी. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचे चालत नाही. ट्रॅक्टरविषयी शास्त्र गप्प आहे, नवरा नाही. अळू, माठ, लाल भोपळा, पडवळ, शिराळी, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे हे सगळे चिरण्यातच सकाळ सरते. आमच्याकडे या भाजीला फोडणीसुद्धा नसते, तरी ती कणसाच्या गोडीवर आणि चिंचेवर तरून जाते. आमचा माणूस दोन वाट्या खातो आणि तिसरी निमूट पुढे करतो. व्याख्यान नाही, स्फटिक नाहीत. एवढ्यासाठी मी दर वर्षी सुरण चिरते, हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नये.

कलम ५. सीताफळ डोळे उघडलेले, खाचा फिकट पिवळ्या झालेलेच घ्यावे. कोवळे तोडलेले पिकत नाही, काळे पडते. तांदळाच्या डब्यात ठेवावे आणि येता-जाता दाबून पाहणाऱ्यापासून डबा लपवावा. बासुंदीत गर घालायचा तो दूध पुरते गार झाल्यावरच. उकळला की कडवट होतो. हे मी ओट्यापाशी उभी राहून सांगितले होते. त्यावर ‘नैसर्गिक गोष्टीला काय होतंय’ असे उत्तर मिळाले. दीड लिटर दूध होते, म्हशीचे, आटवलेले.